एनबीएचा स्काउट आणि त्याच्यावरची गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरापासून हजारो मैल दूर, हॉटेलांत राहून कंटाळलेला स्काउट, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघासाठी नवे खेळाडू हेरणारा माणूस. एका साध्या मैदानावर त्याला असा खेळाडू दिसतो, ज्याचं नाव कुणाच्याच यादीत नाही, आणि तो त्याच्यावर आपली नोकरी पणाला लावतो. मग पहाटे टेकडी चढायला लावून त्याला तयार करतो, पण प्रतिस्पर्ध्याने डिवचलं की खेळाडू विस्कटतो. या धाटणीचा सिनेमा पाहिला की मनात प्रश्न उभे राहतात: हे काम खरंच असं चालतं का? पडद्यावर काय बरोबर दाखवतात, काय सोपं करून टाकतात? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्काउट म्हणजे कोचच का?

नाही. कोच हातात असलेल्या खेळाडूंना घेऊन उद्याचा सामना जिंकायला बघतो, तर स्काउट तीन-चार वर्षांनी संघात कोण असावं याचा विचार करतो. स्काउटांमध्येही प्रकार आहेत. अॅडव्हान्स स्काउट पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली टिपतो. प्रो स्काउट इतर एनबीए संघांतल्या आणि जी लीग या एनबीएच्या दुय्यम लीगमधल्या खेळाडूंवर लक्ष ठेवतो. कॉलेज स्काउट अमेरिकेतला एखादा विभाग सांभाळतो आणि आंतरराष्ट्रीय स्काउट युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, आशिया पालथा घालतो. सिनेमात बहुतेक वेळा हा शेवटचाच असतो.

त्याच्या वर स्काउटिंग संचालक, त्याच्या वर साहाय्यक जनरल मॅनेजर, मग जनरल मॅनेजर आणि शेवटी मालक. स्काउटाला मत असतं, पण निर्णयाचा अधिकार नसतो. या कामातला सगळा ताण इथून येतो. चांगली पटकथा हीच गाठ धरून ठेवते. मालक किंवा त्याचा मुलगा खलनायक असो वा नसो, 'मला दिसतंय, पण ठरवणार दुसरा' ही अवस्था स्काउटाच्या रोजच्या कामातच असते.

मग त्याची ओढाताण पैशाची असते की आणखी कशाची?

मुख्य अडचण वेळेची. ज्याच्यासाठी भांडलात तो खेळाडू खरंच चांगला निघाला की नाही, हे कळायला तीन-चार मोसम जातात. तोवर जनरल मॅनेजर बदललेला असू शकतो, आणि नवा माणूस सहसा स्वतःची माणसं आणतो. जुन्या स्काउटांचे करार नूतनीकरणाविना संपतात. त्यांची पारख चुकलेली असते असं नाही, त्यांना नेमणारा गेलेला असतो.

श्रेयाचंही तसंच. निवड यशस्वी झाली की ती संपूर्ण संस्थेची होते आणि फसली की 'हा कुणाचा अहवाल होता?' अशी विचारणा होते. घरच्या आघाडीवर तर मोसमाचं वेळापत्रकच विरोधात असतं. सामने संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी होतात, म्हणजे मुलांना सुट्टी असते नेमकं तेव्हा हा माणूस बाहेर. हिवाळाभर लीगचे सामने, वसंतात कॉलेजच्या स्पर्धा, मे महिन्यात कंबाइन (नव्या खेळाडूंची चाचणी), जूनमध्ये ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम), जुलैत लास व्हेगासची नवख्यांसाठीची समर लीग. मधे श्वास घ्यायला फार जागा नाही.

प्रत्यक्ष सामन्यात तो काय बघतो? स्कोअरबोर्ड तर आपल्यालाही दिसतो.

स्कोअरबोर्ड तो घरी बसूनही पाहू शकतो. हल्ली जवळपास प्रत्येक व्यावसायिक सामन्याचं व्हिडिओ चित्रण चालींनुसार कापून मिळतं. तरीही विमानाचं तिकीट काढून जायचं कारण हे, की कॅमेरा चेंडूच्या मागे असतो आणि स्काउटाला चेंडूपासून लांबचं बघायचं असतं.

तो सामन्याच्या तास-दीड तास आधी पोचतो. वॉर्म-अपमध्ये बघतो, की खेळाडू रोज ठरलेल्या क्रमाने सराव करतो की टाइमपास म्हणून अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावतो. डावा हात सरावात तरी वापरतो का? शॉट घेताना पाय प्रत्येक वेळी सारखेच पडतात का?

सामना सुरू झाल्यावर एकाच खेळाडूवर नजर ठेवून सलग काही मिनिटं चेंडू सोडून द्यायचा. मग गोष्टी दिसू लागतात. बचावात आपला माणूस (ज्याला अडवायचं तो प्रतिस्पर्धी) कोपऱ्यात उभा असताना हा मदतीला कधी सरकतो, पास सुटल्यावर की पास सुटायच्या आधी? क्लोजआउट करताना, म्हणजे नेमबाजाकडे धावत जाताना, शेवटची दोन-तीन पावलं आखूड घेऊन थांबता येतं का, की तोल पुढे जाऊन समोरचा सहज बाजूने निघून जातो? स्क्रीन लागल्यावर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने वाट अडवून उभं राहिल्यावर, खांदा तिरका करून तो निसटतो की धडकून थांबतो? चेंडू हरवल्यावर पहिली तीन पावलं मागे धावतो की पंचांकडे हात पसरतो?

टाइमआउटमध्येही काम थांबत नाही. कोच बोलताना नजर कुठे आहे, बदली खेळाडू म्हणून बसवल्यावर टॉवेल कसा फेकला, सहकाऱ्याच्या बास्केटला उठून उभा राहिला का, हे सगळं वहीत जातं. म्हणून अनुभवी स्काउट शक्यतो बेंच नीट दिसेल अशी जागा मागून घेतात.

अहवालात काय लिहितात?

शरीर, आक्रमण, बचाव, खेळाची समज, स्वभाव, दुखापतींचा इतिहास आणि सर्वांत महत्त्वाचं, एनबीएत याची भूमिका काय असेल. 'उत्तम खेळाडू, मेहनती, उंच' हे वाक्य निरुपयोगी, कारण त्यावरून कुणी काही ठरवू शकत नाही. त्याच खेळाडूबद्दल असं लिहिलं तर उपयोग होतो: 'दोन-तीन जागांवर बचाव करू शकतो. उजवीकडे ढकलला तर बास्केटपर्यंत जातो, डावीकडे ढकलला तर प्रत्येक वेळी थांबून मागे वळतो. कोपऱ्यातून पाय जमलेले असतील तरच शॉट घ्यावा. पहिल्या वर्षी बेंचवरून दहा-बारा मिनिटं बचावासाठी.'

शेवटी एक दर्जा द्यावा लागतो: लॉटरीतला (ड्राफ्टमधल्या अगदी वरच्या निवडींतला), पहिल्या फेरीतला, दुसऱ्या फेरीतला, करारापुरता किंवा नको. स्काउटाची खरी परीक्षा इथे होते. 'क्षमता आहे, पण वेळ लागेल' असं लिहून कधीच चुकायचं नाही अशी सोय करून घेता येते. पण असा अहवाल ड्राफ्टच्या खोलीत कुणी उघडत नाही. नाव घेऊन, क्रमांक घेऊन बोलावं लागतं.

एकाच सामन्यात पारख होते का?

उत्सुकता वाटण्यापुरती होते, निर्णयापुरती नाही. सिनेमात एका रात्रीत साक्षात्कार होतो. खऱ्या संघात त्या खेळाडूला घरच्या मैदानावर, बाहेरच्या मैदानावर, तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोर आणि त्याचा खेळ वाईट होत असलेल्या दिवशी बघतात, आणि दुसऱ्या स्काउटला स्वतंत्रपणे पाठवतात. त्याने पहिल्याचा अहवाल आधी वाचू नये अशी शिस्त चांगले संघ पाळतात.

आकडेही एकटे फसवतात. ज्याची खरी क्षमता ३५ टक्के आहे असा थ्री-पॉइंट (लांबून तीन गुणांचा शॉट घेणारा) नेमबाज १०० प्रयत्नांत ३० टक्केही दाखवू शकतो आणि ४० टक्केही. दोन्ही निव्वळ योगायोगाने घडू शकतं. म्हणून स्काउट फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी त्याच्या शेजारी ठेवून तपासतात. तिथे समोर बचाव नसतो, अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे हाताची मूळ सफाई कळते. थ्री-पॉइंट ४० टक्के आणि फ्री थ्रो ६० टक्के असं चित्र असेल, तर पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

युरोपातला चांगला खेळाडू एनबीएत चाचपडतो, ते का?

बास्केट त्याच उंचीवर आणि चेंडू त्याच मापाचा असला, तरी खेळ वेगळा होतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत सामना ४० मिनिटांचा, एनबीएत ४८. फिबाची थ्री-पॉइंट रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची वरच्या भागात २३ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे ७.२४ मीटरवर. अर्धा मीटर ऐकायला थोडा वाटतो, पण त्यासाठी पायांतून जास्त जोर लावावा लागतो आणि दमल्यावर शॉट आखूड पडू लागतात.

सर्वांत मोठा फरक बचावातला. एनबीएत आपला माणूस जवळ नसताना बचावपटूला बास्केटसमोरच्या रंगीत भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही. फिबात अशी बंदी नाही. त्यामुळे बास्केटखाली ठाण मांडून मोठा बचावपटू म्हणून नाव कमावलेल्या उंच खेळाडूला एनबीएत बाहेर यावं लागतं आणि त्याचे पाय उघडे पडतात. उलट, युरोपात गर्दीत अडकणाऱ्या चपळ गार्डला अमेरिकेत मोकळी वाट मिळू शकते. स्काउट हा हिशेब मनात करूनच बघत असतो.

बावीस वर्षांचा, कुणाला माहीत नसलेला परदेशी खेळाडू थेट ड्राफ्टमध्ये येऊ शकतो?

येऊ शकतो. ज्या कॅलेंडर वर्षात आंतरराष्ट्रीय खेळाडू २२ वर्षांचा होतो, त्या वर्षी तो आपोआप पात्र ठरतो. त्याआधी, १९ पूर्ण होण्याच्या वर्षापासून, त्याला स्वतः नाव नोंदवावं लागतं आणि ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत मागे घेता येतं. अमेरिकेतल्या मुलांना याखेरीज शाळा सुटून एक वर्ष व्हावं लागतं. ही अट २००५ च्या करारात आली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली.

आपोआप पात्र झालेल्या वर्षी कुणीच निवडलं नाही, तर तो मुक्त होतो आणि कोणताही संघ त्याला घेऊ शकतो. पटकथाकार इथे बरेचदा गडबडतात. ड्राफ्ट हीच एकमेव संधी असल्यासारखं दाखवतात.

कागदपत्रांचा भाग पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, आणि प्रत्यक्षात गोष्टी तिथेच अडतात. जुन्या क्लबशी करार असेल तर तो मोडण्याची रक्कम द्यावी लागते. त्यातली ठरावीक मर्यादेपर्यंतचीच एनबीए संघ देऊ शकतो, उरलेली खेळाडूच्या पगारातून जाते. मग फिबाचं ना-हरकत पत्र आणि व्हिसा. जुनं पोलीस प्रकरण असेल तर व्हिसा रखडतो, आणि अशी बातमी इतर संघांच्या कानावर गेली की खेळाडू याद्यांत खाली घसरतो.

कंबाइन म्हणजे काय? तिथे खरंच इतकं ठरतं?

मे महिन्यात शिकागोत होणारी ही चाचणी निमंत्रितांसाठी असते. आधी मोजमाप: अनवाणी उंची, वजन, दोन्ही हात पसरून विंगस्पॅन, हात वर करून पोच, तळहाताची लांबी-रुंदी. मग जागेवरून उडी, धावत येऊन उडी, पाऊण मैदानाची धाव, रंगीत भागाभोवती दिशा बदलत पळण्याची लेन अॅजिलिटी. नेमबाजीचे सराव, पाच विरुद्ध पाच सामने, वैद्यकीय तपासणी आणि संघांच्या मुलाखती.

मोजमाप महत्त्वाचं आहे, कारण क्लबच्या संकेतस्थळावरची उंची बुटांसकट आणि थोडी वाढवूनही दिलेली असते. पण २००७ मध्ये केविन ड्युरँटला १८५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ८४ किलोंचं वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आलं नाही. त्याच वर्षी तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला विचाराल तर कंबाइनमधली सर्वांत निर्णायक खोली डॉक्टरांची. गुडघ्याचा किंवा हृदयाचा एक अहवाल वर्षभराची मेहनत बाजूला सारतो.

पाच विरुद्ध पाचमध्ये नवख्या खेळाडूचा घात कसा होतो तेही सांगायला हवं. प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं असतं, त्यामुळे पास कमी येतात. चेंडूशिवाय खेळण्यात ज्याची ताकद आहे तो दिसतच नाही. अशा वेळी आक्रमक रिबाउंड, जोरात मागे धावणं आणि बचावात मोठ्याने बोलणं, एवढंच त्याच्या हातात राहतं.

खासगी वर्कआउटमध्ये सगळे चमकतात. का?

कारण समोर बचाव नसतो. चीनच्या यी जियानलियानची २००७ ची चाचणी यासाठीच लक्षात राहिली आहे. त्याने रिकाम्या खुर्च्यांभोवती चाली करून दाखवल्या. सहाव्या क्रमांकावर निवड झाली आणि एनबीएत मात्र त्या अपेक्षांना तो पुरा पडला नाही. संघांना म्हणून तीन विरुद्ध तीनचा वर्कआउट हवा असतो. एजंट मात्र संघांच्या याद्यांत वर जाणाऱ्या खेळाडूला अशा ठिकाणी पाठवायला नकार देतात, कारण वाईट दिवसाने पैसे कमी होतात. पाठवायचं की नाही, ही रस्सीखेच नाट्यासाठी उत्तम आहे, पण कथानकांत फारशी वापरलेली दिसत नाही.

काही आठवडे पहाटे टेकडी चढून खेळाडू बदलतो का?

दम बदलतो. सहा ते आठ आठवड्यांत चढावरच्या धावांनी पाय आणि फुप्फुसं तयार होतात. चढावर पाऊल आदळण्याचा धक्का सपाटीपेक्षा कमी, म्हणून प्रशिक्षकांना ती आवडते. पण पहिल्याच आठवड्यात रोज धावलं तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दुखावते. आठवड्यात दोन दिवस, २०-३० सेकंदांच्या सहा धावा, मधे चालत खाली येऊन पूर्ण विश्रांती, आणि दर आठवड्याला एक-दोन धावा वाढवणं, हे शहाणपणाचं.

नेमबाजीची ढब मात्र इतक्यात बदलत नाही. कोपर आत आणायला घेतलं की काही आठवडे टक्केवारी आधी खाली जाते. ड्राफ्टच्या तोंडावर ते सुरू करणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री अक्षर बदलायला बसण्यासारखं. म्हणून जाणते प्रशिक्षक या काळात हातात आहे तेच पक्कं करून घेतात: कोपऱ्यातला शॉट, एका ड्रिबलनंतरचा शॉट, दमलेल्या पायांनी फ्री थ्रो.

एक गोष्ट खटकते. संघाच्या पगारावर असलेला स्काउट एखाद्या उमेदवाराला स्वतःच्या खर्चाने ठेवून घेऊन तालीम देऊ शकत नाही, हितसंबंधांचा आणि लीगच्या नियमांचा थेट प्रश्न येतो. कथेत त्याने आधी नोकरी सोडलेली असते ती म्हणूनच.

डिवचल्यावर खेळाडू विस्कटतो, याला एवढं महत्त्व का?

कारण एनबीएत त्याला ८२ सामने खेळायचे असतात आणि त्याची दुबळी नस कोणती हे दुसऱ्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं. आईवर, मुलीवर, जुन्या गुन्ह्यावर शेरे मारले जातात. स्काउट यासाठी कोचशिवाय इतरांशीही बोलतो: फिजिओ, बसचालक, कपडे सांभाळणारा, जुना शिक्षक. वरिष्ठांशी सगळेच नीट वागतात. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्याशी कसा वागतो, हे या माणसांकडून कळतं. एकदा भडकला म्हणून कुणी बाद होत नाही. भडकल्यानंतरच्या पाच मिनिटांत काय केलं हे नोंदलं जातं.

ड्राफ्टमध्ये नाव आलंच नाही तर?

दोन फेऱ्या, ३० संघ, म्हणजे साधारण ६० नावं. नियमभंगामुळे काही संघांच्या निवडी रद्द होतात, तेव्हा आणखी कमी. २०२२ मध्ये ५८ च झाल्या. पहिल्या फेरीतल्याला दोन वर्षांचा पगार हमीचा, दुसऱ्या फेरीला तशी नियमाने हमी नाही.

न निवडलेल्याकडे समर लीग, सराव शिबिराचा विनाहमी करार, किंवा टू-वे करार असे रस्ते उरतात. टू-वे २०१७-१८ पासून आले. खेळाडू जी लीग आणि मुख्य संघ यांच्यात ये-जा करतो. २०२३-२४ पासून प्रत्येक संघाला असे तीन करार करता येतात. पन्नासाव्या क्रमांकानंतर एजंट कधी कधी स्वतःच संघांना सांगतात, 'घेऊ नका.' निवड झाली तर एकाच संघाकडे हक्क जातात, नाही झाली तर जागा रिकामी असलेला संघ निवडता येतो. बेन वॉलेस आणि फ्रेड व्हॅनव्लीट, दोघंही ड्राफ्टमध्ये न निवडलेलेच.

स्काउटांनी खरंच कुणाला शोधलं आहे?

मार्टी ब्लेक यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. त्यांनी अनेक दशकं लीगसाठी स्काउटिंग केलं आणि लहान कॉलेजांतल्या मुलांची नावं सगळ्या संघांपर्यंत पोचवली. स्कॉटी पिपन सेंट्रल आर्कान्सासचा, जिथे फारसं कुणी फिरकत नव्हतं. १९८७ मध्ये पोर्ट्समथच्या स्पर्धेत तो सगळ्यांसमोर आला आणि त्या वर्षी पाचव्या क्रमांकावर गेला. व्हर्जिनियातली ही स्पर्धा शेवटच्या वर्षातल्या कॉलेज खेळाडूंसाठी आजही भरते.

यानिस आंतेतोकूंपो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता, २०१३ मध्ये मिलवॉकीने त्याला १५ व्या क्रमांकावर घेतलं. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा. नाव जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मानू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ वा, आणि सॅन अँटोनियोने त्याला २००२ पर्यंत युरोपातच खेळू दिलं. हक्क आपल्याकडे, खेळाडू परदेशात, ही युक्ती तेव्हापासून सर्रास झाली.

दुसऱ्या बाजूला २००३. डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड त्याच्यानंतर गेले. डार्कोकडे उंची होती, हात होता. अठराव्या वर्षी विजेतेपदाच्या तयारीतल्या संघात बसून राहणं त्याला पेललं नाही. आणि डेट्रॉइटने २००४ चं विजेतेपद जिंकलंही, म्हणजे संघाचं तेव्हा काही अडलं नाही. त्यामुळे हा दोष खेळाडूचा, स्काउटाचा की संघाच्या गरजेचा, यावर अजूनही एकमत नाही.

भारतातून कुणी?

पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, पण एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. सात फूट दोन इंच उंची होती, पण लीग तोवर वेगवान आणि बाहेरून नेमबाजी करणाऱ्या मोठ्या खेळाडूंची झाली होती. एनबीएची भारतातली अकादमी २०१७ मध्ये दिल्लीजवळ सुरू झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांच्यात दोन सराव सामने झाले. नागपाड्याच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला जातो, पण तिथल्या मुलाला नियमित, नोंदी ठेवलेले, चित्रित झालेले सामने मिळत नाहीत. स्काउटाला परत बघायला काही मिळालं नाही तर पहिला अहवाल तिथेच थांबतो.

हे डोळे तयार करायचे तर सुरुवात कशी करावी?

एक सामना निवडा आणि एकच खेळाडू. पहिल्यांदा फक्त बचावात बघा, दुसऱ्यांदा फक्त चेंडू हातात नसताना, तिसऱ्यांदा चेंडूसह. प्रत्येक वेळी वेळेसकट दहा नोंदी लिहा: 'दुसरा क्वार्टर, ६:४०, स्क्रीनखालून गेला, शॉट दिला.' विशेषणं नकोत, कृती लिहा. मग पाच वाक्यांचा अहवाल करा आणि त्यात एक भूमिका व एक दर्जा द्या. तारीख टाकून ठेवून द्या, नंतर खाडाखोड करू नका. दोन मोसमांनी उघडून बघा, कुठल्या प्रकारच्या खेळाडूंबाबत तुमचा अंदाज चुकतो ते दिसेल. बहुतेकांचा उडी मारणाऱ्यांबाबत चुकतो.